माझी सही कशाला हवी तुला?

"सर, घेऊ का?"

ज्याला खरंच विचारायचं असतं तो उत्तरासाठी थांबतो. तू काय केलंस? फोटो पाठवलास. साइज ठरवलीस. रंग ठरवलास. कुठल्या पँटवर शोभेल तेही ठरवलंस. कार्टमध्ये टाकून ठेवलास, आणि मग रात्री पावणेबाराला मला विचारतोस, घेऊ का! माझं मत तुला नकोच आहे. तुला सही हवीय. उद्या आईनं विचारलं, "एवढ्याचे बूट कशाला रे?", तर सांगायला बरं, सरांनीच घे म्हटलं. मी हो म्हणालो तर सर भारी, नाही म्हणालो तर सर जुन्या वळणाचे. दोन्हीकडून तू मोकळा.

इतक्या स्वस्तात नाही सुटणार तू.

फोटो बघितला मी. नाइकीचा डंक लो. पांढरं चामडं, वर काळे तुकडे. ज्याला तुम्ही सगळे पांडा म्हणता. बूट वाईट नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे "सरांना फॅशन कळत नाही" ही पळवाट बंद. मला त्याची ठेवण आवडते. पुढचा भाग ठेंगणा, बाजूचे तुकडे नीट बसलेले, उगाच कुठे काही फुगलेलं नाही. १९८५ मध्ये पीटर मूर नावाच्या माणसानं तो काढला. त्याच वर्षी त्याचाच एअर जॉर्डन १ दुकानात आला. दोन्ही शेजारी ठेव, हात एकाचाच हे लगेच कळतं. तेव्हा बुटाबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार तुझ्याबद्दल आहे.

"हेरिटेज आहे सर." हे तुझं पहिलं कारण. कसलं हेरिटेज? कोणाचं? अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बास्केटबॉल संघांसाठी निघालेला हा बूट. केंटकीचा निळा-पांढरा, मिशिगनचा पिवळा-निळा, आयोवाचा पिवळा-काळा, सिरॅक्यूजचा केशरी, सेंट जॉन्सचा लाल. ज्याचं जे कॉलेज त्याच्या पायात त्या कॉलेजचा रंग. "बी ट्रू टू युअर स्कूल" अशी जाहिरातच होती. आता सांग, तुझा पांडा कुठल्या कॉलेजचा? कोणाचाच नाही. २०२१ मध्ये आलेला रंग आहे तो, तुझ्या दहावीच्या आसपासचा. काळा-पांढरा सगळ्यांवर जातो म्हणून काढला आणि सगळ्यांवर गेला. त्यात काही पाप नाही. पण त्याला हेरिटेज म्हणून मला ऐकवू नकोस. आवडला म्हण. आवडला म्हणायला लाज का वाटते तुला?

आणि त्याच मेसेजमध्ये लिहितोस, "वेगळा दिसतो". चार ओळी खाली लिहितोस, "आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांकडे आहे". पाठवायच्या आधी एकदा वाचून तरी बघत जा रे.

बरं, हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. डोकं फिरलं ते शेवटच्या ओळीनं. "शिवाय प्रॅक्टिसलाही होईल सर."

होईल? कोणाच्या प्रॅक्टिसला? तू सिमेंटच्या कोर्टवर खेळतोस. आठवड्याचे पाच दिवस. रिबाउंडला उडतोस आणि खाली येतोस तेव्हा तुझ्या वजनाच्या कितीतरी पट भार पायावर पडतो. तो कोण सोसतो? बुटानं सोसला तर बूट, नाहीतर गुडघा. गेल्या पावसाळ्यापासून प्रॅक्टिस झाली की उजव्या गुडघ्याला बर्फ लावत बसतोस. ते मला दिसत नाही असं वाटतं का तुला?

दुकानात जाशील तेव्हा, म्हणजे गेलास तर, तो बूट उलटा करून बघ. पुढे चवड्याखाली वर्तुळं दिसतील, एकात एक. पिव्हट करताना पाय फिरावा म्हणून केलेली सोय आहे ती, आणि त्या काळात लाकडी कोर्टवर चांगली सोय होती. आता आतला इनसोल उचल. खाली काय आहे? रबराची वाटी, तिच्यात फोम. बस. नाइकीनं १९८२ मध्येच एअर फोर्स १ च्या तळव्यात हवा भरली होती. डंकला तीही दिली नाही. म्हणजे जन्मला तेव्हासुद्धा हा काही त्यांचा सगळ्यात पुढारलेला बूट नव्हता. त्यानंतर चाळीस वर्षांत बास्केटबॉलच्या बुटांचं काय काय झालं, हे तू मला सांगायचं की मी तुला? तूच ज्युनिअरच्या पोरांना कुशनिंगवर व्याख्यानं देतोस. ऐकलीयत मी. चांगली देतोस.

मग स्वतःची वेळ आली की वेड पांघरून पेडगावला का निघतोस?

आता म्हणशील, "कोबी ब्रायंटसुद्धा लो-टॉप घालायचा". म्हणशीलच, मी ओळखून आहे. घालायचा ना. २००८ च्या डिसेंबरात त्याचा कोबी ४ आला. फुटबॉलवाले एवढे वळतात, वाकतात, त्यांना घोटाभर बूट लागत नाही तर मला कशाला, असं म्हणून त्यानं कापलेला बूट मागितला. नाइकीच्या डिझायनरनं, एरिक अवारनं, बनवून दिला. हलका, फ्लायवायरच्या दोऱ्यांनी पाय जखडून ठेवणारा, टाचेखाली झूम एअर, म्हणजे हवेची उशी. त्याच्या खेळाला काय लागतं हे त्याला माहीत होतं, म्हणून त्यानं मागितला. तू काय मागतोयस? बूट ठेंगणा आहे एवढ्यावरून नातं जोडायचं असेल तर माझी सपातसुद्धा लो-टॉपच आहे.

उंच बुटानं पाय मुरगळायचा थांबतो, असंही मी म्हणत नाही. तो पुष्कळांचा भ्रम आहे. टाच आत हलते का, तळ पुरेसा रुंद आहे का, घोट्याच्या स्नायूंत दम आहे का, यावर बरंच अवलंबून. स्नायूंचं नाव काढलंच आहे तर विचारतो, एका पायावर तोल धरायचा व्यायाम दिला होता, त्याचं काय झालं? त्याला पैसे लागत नाहीत, म्हणून राहिला का? डाव्या हातानं लेअप अजून जमत नाही आणि नव्या बुटाची स्वप्नं. नाचता येईना, अंगण वाकडं. आता तर अंगणाला पांढरं-काळं रंगवायला निघालास.

मुंबईत नागपाडा नावाची वस्ती आहे. तिथल्या कोर्टवरून अब्बास मुंतसिर निघाले, भारताच्या बास्केटबॉल संघाचे कर्णधार झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार घेतला. त्यांच्याबद्दल जुनी माणसं तासभर बोलतात. बुटाबद्दल बोलताना मी एकालाही ऐकलं नाही.

तेव्हा खेळणं या व्यवहारातून बाद. उरलं काय? हिंडायला, कॉलेजला, कट्ट्यावर. ठीक. त्यासाठी घ्यायचा तर तसं बघू.

पायात घालून बघितलास? नाही. का? "दुकान लांब आहे सर." रात्री दोनपर्यंत त्याच एका बुटाचे व्हिडिओ बघायला वेळ आहे, बसनं अर्धा तास जाऊन पाय घालून बघायला नाही. त्या व्हिडिओत पाय कोणाचा असतो? तुझा? आणि त्या पोरांपैकी किती जणांनी सांगितलं की बूट फुकट आला म्हणून?

तुझा पाय मला ठाऊक आहे. चवड्याकडे रुंद, बोटं पसरलेली. लहानपणी गावाकडे अनवाणी कबड्डी खेळलास त्याचा प्रसाद. डंक पुढून चिंचोळा आहे. बोटांच्या बाजूला चामड्यावर चामडं, दुहेरी, मधे शिवण. तिथे तो तुझी करंगळी धरणार. "वापरून सैल होईल" हे जे तू मनाशी घोकतोयस ना, ते एकेरी, मऊ चामड्याच्या बाबतीत खरं असतं. इथे चामड्यावर रंगाचा जाड लेप आहे आणि खाली रबराची वाटी. ती वाटी सैल होत नाही. पाय सोलून निघतो. मग तू अर्धा नंबर मोठा घेणार. मग पुढे बरं वाटणार आणि मागे टाच निसटणार. मग दोन मोजे घालणार. पुण्याच्या मे महिन्यात! आणि हे सगळं करताना कोणी विचारलं तर म्हणणार, एकदम कम्फर्टेबल आहे.

"मी आठ नंबर" असंही लिहिलंयस, जणू आधार कार्डावर छापलाय. नाइकीच्या यूके ८ वर लेबल बघ: युरोप ४२.५, सेंटिमीटर २७. आदिदासच्या यूके ८ वर बघ: युरोप ४२, सेंटिमीटर २६.५. आकडा तोच, बूट अर्ध्या सेंटिमीटरनं वेगळा. संध्याकाळी, पाय दिवसभर चालून फुगलेला असताना, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभा राहा. दोन्ही पाय मोज. मोठा निघेल तो खरा. नेहमीचे मोजे खिशात घालून दुकानात जा, ते देतील ते पातळ मोजे घालू नकोस. लेस पूर्ण आवळ. जिना असेल तर उतर; उतरताना अंगठा पुढे आपटला तर लहान, टाच उचलली गेली तर मोठा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातल्या पोराला मी सेंटिमीटर शिकवतोय. व्हर्निअर कॅलिपर हातात धरतोस ना तू?

आणि समजा, बसला पायात. पुढे? चालशील की जपशील? तुमच्यातल्या एकाला मी फर्ग्युसन रस्त्यावर बघितलं. पुढच्या चामड्याला वळी पडू नये म्हणून पंजा न वाकवता बदकासारखा चालत होता. बुटाच्या आत प्लॅस्टिकची टोपी घालतात म्हणे, चुणी पडू नये म्हणून. चामडं आहे ते, पंजा वाकला की वळणार. तू त्याच्यासाठी चालणं बदलणार की ते तुझ्यासाठी वळणार? ज्या बुटाला चुणी पडली की तुझा दिवस खराब होणार असेल, तो बूट तुला परवडत नाही. खिशात पैसे असले तरी परवडत नाही.

पावसाळ्याचं बोलायलाच नको. पांढरं चामडं, सपाट रबर, ओली फरशी. चामडं निदान पुसता येतं. वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबून सावलीत वाळवलं तर टिकतं. हाच बूट स्वेडचा घेतला असतास तर जून ते सप्टेंबर तो कपाटात आणि तू चपलेत.

आता तुझं ते ब्रह्मास्त्र. "सर, ही इन्व्हेस्टमेंट आहे. पुढे विकता येतो."

बस खाली. हे जरा सविस्तर ऐक.

डंक कोर्टवर फार काळ टिकला नाही. नवे बूट आले, हा मागे पडला, सवलतीच्या फळीवर गेला. तिथून तो कोणी उचलला? स्केटबोर्डवाल्या पोरांनी. का उचलला? तळ सपाट, म्हणून फळीचा अंदाज पायाला लागतो. चामडं जाड, म्हणून घासलं तरी लवकर फाटत नाही. आणि स्वस्त. तीन कारणं, तिन्ही त्यांच्या कामाची. कोणी सांगितलं म्हणून नाही, कोणाला दाखवायचं म्हणून नाही. पुढे २००२ मध्ये नाइकीनं खास त्यांच्यासाठी एसबी डंक काढला. जिभेत जाड स्पंज, टाचेखाली झूम एअर. म्हणजे कंपनी पोरांच्या मागे आली. तुमचं उलटं आहे.

मग २००५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये जेफ स्टेपल या डिझायनरचा पिजन डंक आला. राखाडी, टाचेवर कबूतर. मोजक्या दीडशे जोड्या. दुकानाबाहेर एवढी झुंबड की पोलीस आले, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर बातमी. तो बूट आज महाग आहे, कारण तो दीडशेच होता. हे गणित तुला कळतं. अर्थशास्त्र कधी शिकला नाहीस तरी कळतं, कारण कांद्याचा भाव तुझ्या घरी रोज बोलला जातो.

आता तुझा पांडा. २०२१ मध्ये अमेरिकेत छापील किंमत १०० डॉलर. सुरुवातीला मिळेना, तेव्हा लोकांनी दुपटीच्याही वर पैसे मोजले. कंपनीनं काय केलं? आणखी काढले. पुन्हा काढले. पुन्हा. बाजार भरून वाहायला लागला. मग पुनर्विक्रीचा भाव छापील किमतीवर आला, पुढे त्याच्याही खाली गेला. २०२४ मध्ये खुद्द नाइकीनं सांगितलं की डंक, एअर फोर्स १ आणि एअर जॉर्डन १ यांचा बाजारातला पुरवठा आम्ही आवरता घेतोय. ज्यानं बनवला तो म्हणतोय जास्त झाला, आणि तू म्हणतोस गुंतवणूक! आणि पुढे म्हणजे कधी विकणार? वापरून झाल्यावर? करंगळीनं फुगवलेला, सिमेंटनं खाल्लेला, घामाचा वास मारणारा बूट कोण घेणार आहे तुझ्याकडून?

न वापरता डब्यात ठेवीन म्हणशील. ठेव. डंकची रबरी वाटी वरच्या चामड्याला शिवलेली असते, ती तग धरेल. पण आतल्या फोमला वय असतं, गोंदाला वय असतं. पॉलियुरेथेनचा तळ असलेले जुने जॉर्डन कितीतरी जणांनी असेच जपून ठेवले. हवेतल्या दमटपणानं तो तळ आतल्या आत कुजतो, आणि पहिल्यांदा पायात घातल्यावर भुगा होऊन पडतो. मुंबईतल्या तुझ्या मामाच्या कपाटात ठेवायचा बेत असेल तर आणखीच छान.

गुंतवणूक करायचीय? तुझ्या वडिलांचं पोस्टात खातं आहे. त्यांना विचार. पण तू त्यांना नाही विचारणार. तिथे सही मिळत नाही, हिशोब मागतात.

किमतीचं म्हणशील तर आठ-नऊ हजारांच्या घरात आहे. अडीच हजारांवरच्या जोडीला १८ टक्के जीएसटी, तो त्यातच. तुझा स्टायपेंड बारा. "हप्त्यावर घेतला तर जाणवत नाही सर." जाणवत नाही म्हणूनच ते हप्ते आहेत, राजा. मेसचे पैसे गेल्या महिन्यात मित्राकडून घेतलेस, ते परत केलेस? त्यालाही जाणवत नसेल.

आणि हे जमलं नाही तर फर्स्ट कॉपी, असं तळटीप टाकल्यासारखं लिहिलंयस. त्याबद्दल एकच विचारतो. हेरिटेज हवं, वेगळेपण हवं, टिकाऊपणा हवा, आणि खोटा चालेल? मग हवं काय होतं ते समजलं की रे सगळ्यांना. बाजूची ती खूण हवी होती, बाकी सगळी सजावट. त्यापेक्षा साधा, नाव नसलेला, पायाला बसणारा बूट घालून आलास तर मी तुला जास्त मानीन. लोकही मानतील, लोकांचं तुझ्या पायांकडे एवढं लक्ष नाही जेवढं तुला वाटतं.

मला राग कशाचा येतो सांगू? तू मठ्ठ असतास तर मी एका शब्दात उत्तर देऊन झोपलो असतो. समोरच्या संघाचा गार्ड डावीकडे जायच्या आधी उजवा खांदा खाली टाकतो, हे तू पहिल्या पाच मिनिटांत हेरतोस. टाइमआउटला येऊन मला सांगतोस. संघातल्या कोणालाही ते दिसलेलं नसतं. त्या पोराला सेल्समनचा खांदा दिसत नाही? "फक्त दोनच शिल्लक" असं लाल अक्षरात लिहिलेलं वाचलं की तुझी सगळी नजर जाते कुठे? आठवडाभर बघतोयस तू ते पान. दोनच शिल्लक आहेत, आठवडाभर.

तुला सगळं दिसतं. बघायचं नसतं, एवढंच. कारणं शोधायला जेवढं डोकं लावलंस, त्याच्या चौथाई डोक्यात निर्णय झाला असता. आधी बूट आवडला, मग कारणं गोळा केलीस, मग ती मला पाठवलीस, आणि त्याला म्हणतोस विचार केला. रिसर्च केला म्हणे!

"म्हणजे घेऊ नको?" असं मी कुठे म्हटलं?

आधी खेळायचे बूट घे. ते पहिले. बाहेरच्या कोर्टसाठी कडक रबराचे, खोल खाचांचे, टाचेखाली उशी असलेले. जुनं मॉडेल बघ, गेल्या वर्षीचं, ते उतरत्या भावात मिळतं आणि तुझ्या गुडघ्याला वर्ष कळत नाही. तुझे आत्ताचे बूट उलटे करून बघितलेस कधी? उजव्या चवड्याखालची नक्षी पार गुळगुळीत झालीय. मागच्या सामन्यात तिसऱ्या क्वार्टरला घसरलास तो फरशीचा दोष नव्हता, जरी तू फरशीकडे बघून तोंड वाकडं केलंस.

त्यातून उरले पैसे, आणि मित्राचे मेसचे दिलेस, आणि मग दुकानात जाऊन तुझ्या त्या रुंद पायात तो डंक दुखल्याशिवाय बसला, तर घे. खुशाल घे. रोज घाल. चुण्या पडू देत. कपाटात ठेवलास तर मात्र माझ्या समोर येऊ नकोस. नाहीच बसला, तर त्याच घराण्यात इतर आहेत. आदिदासचा सुपरस्टार आहे. सत्तरच्या आसपासचा, रबराच्या टोपीवाला, करीम अब्दुल-जब्बार कोर्टवर घालायचा तो. न्यू बॅलन्सचा ५५० आहे, १९८९ चा. पुढे वर्षानुवर्षं त्याला कोणी हिंग लावून विचारलं नाही, आणि २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या एका फॅशनवाल्यानं जुन्या कॅटलॉगातून उकरून काढल्यावर तुम्हाला अचानक तो फार अभिजात वाटायला लागला. तेही घालून बघ. ज्याच्यात पाय गप्प बसेल तो तुझा. नावाला विचारू नकोस, पायाला विचार.

छापील किमतीच्या वर एक रुपया देऊ नकोस, कोणी इन्स्टाग्रामवर कितीही गोड बोललं तरी. उलट थांब. एवढा माल पडून आहे की सेल लागणारच. चाळीस वर्षं झाली या बुटाला, तुझ्या पहिल्या पगारापर्यंत कुठे पळून जात नाही तो.

आणि दुकानात हातात घेतलास की नुसता समोरून बघू नकोस. दोन्ही बूट शेजारी ठेवून टाचेकडून बघ. मागची शिवण सरळ हवी. वाटी आणि चामड्याच्या सांध्यातून नख फिरव. गोंद बाहेर आला असेल तर दुसरी जोडी माग. लाजू नकोस, पैसे तू देतोयस. पंज्यापाशी दुमडून बघ, रंगाला तडा जातो का. दुकानदार तोंड करेल. करू दे.

आणि एक. तुम्ही पोरं डबा देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा जपता आणि बिल गाडीच्या डिकीत चुरगळून टाकता. डबा रद्दीत दे. बिल ठेव. सोल उकलला तर दुकानदार डबा नाही बघत.